विश्लेषण : पाणबुड्याला हाताने हवा कशी पुरवत? त्या पंपाचा कल्याणच्या विहिरीशी काय संबंध?

विठ्ठलवाडी स्थानकातून कल्याण पूर्वेकडे बाहेर पडले की चक्की नाका, नेतिवली हा भाग फार लांब नाही. १ नोव्हेंबर २०१८ रोजी याच नेतिवली परिसरातील एका विहिरीत पाच जणांचा मृत्यू झाला. साफसफाईसाठी एक जण उतरला, तो वर आलाच नाही. त्याला काढण्यासाठी दोघे उतरले. त्यानंतर अग्निशमन दलाचे दोन जवान उतरले आणि त्यांनाही जीव गमवावा लागला. विहिरीतील विषारी वायूमुळे ते गुदमरले, असे तेव्हा सांगण्यात आले.

जिथली हवा श्वास घेण्याजोगी नाही तिथे माणूस पाठवायचा, तर त्याच्यासाठी हवा बाहेरून पाठवावी लागते. हे काम दोनशे वर्षांपूर्वी हाताने फिरवायच्या एका पंपाने करून दाखवले होते. तांब्याचे गोल हेल्मेट घातलेला पाणबुडा चित्रात सगळ्यांनी पाहिलेला असतो, पण त्याच्या नळीचे दुसरे टोक जिथे संपते तो पंप सहसा चित्राच्या बाहेरच राहतो.

हा पंप नेमका कसा असे?

गावात पाण्यासाठी असतो तो हापसा वेगळा. पाणबुड्याचा पंप हवेचा. बाहेरून पाहिला तर तो लोखंडी कड्यांची जड लाकडी पेटी वाटे. पेटीच्या दोन्ही बाजूंना मोठी चाके आणि त्यांना मुठी. दोन्हीकडून माणसे उभी राहून चाके फिरवत. आत दोन किंवा तीन नळकांडी आणि त्यांत वरखाली होणारे दट्ट्ये. दट्ट्या एका दिशेने गेला की झडप उघडून बाहेरची हवा आत येई, उलटा फिरला की ती दाबली जाऊन नळीत जाई. चांगल्या पंपात दट्ट्याच्या दोन्ही बाजू कामाला लावलेल्या असत, म्हणजे जाताना आणि येताना, दोन्ही वेळा हवा ढकलली जाई. एका दट्ट्याचा जोर ओसरेपर्यंत दुसऱ्याचा सुरू होई, त्यामुळे खाली हवा धक्क्याधक्क्याने न जाता सलग जाई.

दट्ट्याभोवती चामड्याचा वॉशर असे. रॉकेलचा पंपाचा स्टोव्ह ज्यांनी वापरला आहे त्यांना हा वॉशर सांगावा लागणार नाही. तो सुकला की कितीही पंप मारा, दाब धरत नाही. इथेही तेच होई. म्हणून वॉशरला तेल देऊन तो मऊ ठेवावा लागे आणि ते तेलही बेताचेच लागे, कारण त्याचा वास, वाफ जी काही निघेल ती थेट खालच्या माणसाच्या नाकात जाणार.

सायकलच्या चाकात हवा भरताना पंपाचे खालचे टोक गरम होते. दाबलेली हवा तापते. पाणबुड्याचा पंप तर तासन् तास चाले. म्हणून नळकांड्यांभोवती पाण्याची टाकी ठेवून ती थंड राखत. पेटीवर दाब दाखवणारे घड्याळ असे आणि त्यावर दाबाबरोबर खोलीचे आकडेही असत. पाणबुडा किती खाली आहे ते वरच्या माणसांना त्यावरून कळे.

पेटीतून निघालेली कापड आणि रबराची नळी हेल्मेटच्या मागच्या बाजूला येऊन मिळे. हेल्मेटला बाहेर सोडणारी वेगळी झडप असे. वापरलेली हवा तिथून बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर पडे. थोडक्यात, पाणबुड्याच्या डोक्याभोवती ताज्या हवेचा सतत वाहता झरा ठेवणे एवढेच या यंत्राचे काम. हेल्मेट, छातीवरचे आणि पाठीवरचे शिशाचे वजन, शिशाच्या तळव्यांचे बूट असा सगळा साज सुमारे ८० किलोंचा. पाण्याबाहेर त्यात धड चालताही येत नसे.

त्यापेक्षा लांब नळी का नको?

कोकणात विहिरीत पोहणाऱ्या मुलांनी पपईच्या पानाचा पोकळ देठ तोंडात धरून पाण्याखाली राहण्याचा खेळ कधी ना कधी केलेला असतो. वीतभर खाली जमते. मग एखाद्याला वाटते, याच्या जागी लांब पाइप घेतला तर तळाशी बसता येईल. येत नाही.

कारण पाण्याचा दाब. दर १० मीटरला पाणी जवळपास एका वातावरणाइतका दाब वाढवते, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला एक किलोचा भार. एक मीटर खाली हा भार दहावा हिस्साच असतो, पण छातीचा पुढचा भागच हजारभर चौरस सेंटिमीटरचा धरला तर तो शंभर किलोंच्या घरात जातो. नळीतून येणारी हवा मात्र पृष्ठभागावरच्याच दाबाची. छाती फुगवायची म्हणजे एवढा भार दर श्वासाला ढकलायचा. धडधाकट माणसाच्या श्वासाच्या स्नायूंची कमाल ओढ साधारण एक मीटर पाण्याच्या दाबाइतकीच असते आणि तीही एखाद्या श्वासापुरती. त्यामुळे हवा नुसती पोहोचून भागत नाही. पाणबुड्याभोवती पाण्याचा जेवढा दाब आहे तेवढ्याच दाबाने ती पोहोचावी लागते.

याची दुसरी बाजू भयानक आहे. वर नळी फुटली किंवा पंपापाशी निसटली तर हेल्मेटमधली दाबलेली हवा नळीवाटे उलटी वर पळते. हेल्मेट टणक, पोशाख मऊ. बाहेरचे पाणी मग पाणबुड्याचे शरीरच हेल्मेटच्या दिशेने दाबू लागते. सुरुवातीच्या काळात असे अपघात झाले, म्हणून हेल्मेटला नळी जोडते तिथे हवा फक्त आत येऊ देणारी झडप बसवली जाऊ लागली. पोशाखातील सर्वात लहान भागांपैकी हा एक. डुबकीपूर्वी तो तपासल्याशिवाय जाणता पाणबुडा पाण्यात उतरत नसे.

चाक फिरवायला किती माणसे लागत?

ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञ जॉन स्कॉट हाल्डेन यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला नियम घालून दिला : पाणबुड्याला मिनिटाला किमान दीड घनफूट, म्हणजे सुमारे ४२ लिटर हवा मिळाली पाहिजे आणि ही हवा तो ज्या खोलीवर आहे तिथल्या दाबाखाली मोजली पाहिजे. या नियमाचे गमक शेवटच्या अटीत आहे. दाबाखाली हवा आकसते. १० मीटरवर दाब दुप्पट, म्हणून तिथे ४२ लिटर पोहोचवायला वरून ८५ लिटर ओढावी लागते. २० मीटरवर १२७ लिटर. ३० मीटरवर १७०.

पंपाच्या एका फेऱ्यात समजा तीन लिटर हवा जाते. मग १० मीटरला मिनिटाला २८ फेरे, २० मीटरला ४२, ३० मीटरला ५७. फेरे वाढतात आणि दर फेऱ्याला जोरही जास्त लागतो, कारण समोरचा दाब वाढलेला असतो. पंपात काहीच वाया जात नाही असे धरून हिशेब केला तर १० मीटरसाठी सुमारे १०० वॉट, २० मीटरसाठी २३५ आणि ३० मीटरसाठी ४०० वॉट शक्ती लागते. खोली तिप्पट, मेहनत चौपट. प्रत्यक्षात घर्षण, गळती आणि तापलेली हवा धरली की हे आकडे दीडपट-दुपटीवर जातात.

माणूस सलग काम करताना हातांनी किती शक्ती देऊ शकतो? धट्टाकट्टा असला तर ७५ ते १०० वॉट. स्वयंपाकघरातला ५०० वॉटचा मिक्सर चालवायचा तर पाच-सहा जणांना घाम गाळावा लागेल. म्हणजे १० मीटरला दोन माणसे चाकावर आणि दोन बदलीला. ३० मीटरला सात-आठ जण चाकांवर आणि तेवढेच दम खात बसलेले. याखेरीज एक जण दोर धरून उभा. हा दोर म्हणजे पाणबुड्याचा टेलिफोन : ठरलेले हिसके दिले की ‘हवा वाढवा’, ‘ओढून घ्या’ असे निरोप जात. दोर धरणाऱ्याने दुसरीकडे पाहायचे नाही हा रिवाज होता आणि चाक फिरवणाऱ्याने थांबायचे नाही हा दुसरा.

त्यामुळे या पंपाची खरी मर्यादा लोखंडाची नव्हती, मनगटाची होती. १९०६ साली स्कॉटलंडच्या लॉक स्ट्रायव्हन या खाडीत ब्रिटिश नौदलाचे डॅमंट आणि कॅटो हे दोघे हाल्डेन यांच्या पद्धतीने २१० फुटांवर, म्हणजे ६४ मीटरवर उतरले. तेव्हाचा तो विक्रम. वरचाच हिशेब तिथे लावला तर एका माणसासाठी मिनिटाला ३१० लिटरहून अधिक हवा आणि गळती धरण्याआधीच एक किलोवॉटहून जास्त शक्ती लागते. इतक्या खोलीला एक पंप पुरत नाही, एकापेक्षा जास्त पंप एकत्र जोडावे लागतात.

मुळात हे यंत्र पाण्यासाठी होते?

नाही, ते आगीसाठी होते. जहाजांच्या फळ्यांच्या फटी बुजवण्याचे काम करणाऱ्या चार्ल्स डीन याने १८२३ मध्ये इंग्लंडमध्ये धुरात शिरण्यासाठीच्या हेल्मेटचे पेटंट घेतले. तांब्याचे शिरस्त्राण, त्याला चामड्याची नळी आणि नळीच्या टोकाला भाता. लोहाराचा असतो तसाच, पण आगीत वारा घालण्याऐवजी आगीत शिरलेल्या माणसाला वारा घालणारा. धूर भरलेल्या घरात किंवा जहाजाच्या तळघरात माणूस शिरावा आणि बाहेर उभ्या सोबत्याने भाता हलवत राहावे, अशी कल्पना. त्याचा भाऊ जॉन याने एका जळत्या तबेल्यातील घोडे वाचवण्यासाठी जुन्या चिलखताचे शिरस्त्राण डोक्यावर चढवले आणि आगीच्या बंबाची नळी त्यात खुपसली, अशी आख्यायिका सांगतात. खरीखोटी कशीही असो, कल्पना कुठून निघाली हे ती अचूक सांगते.

अग्निशमनात या हेल्मेटला फारसे गिऱ्हाईक मिळाले नाही. काही वर्षांत डीन बंधूंनी तेच हेल्मेट पाण्यात नेले. तिथे भाता पुरेना, म्हणून दट्ट्याचा पंप आला. १८३६ मध्ये इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर त्यांना सोळाव्या शतकातील ‘मेरी रोझ’ या युद्धनौकेचे अवशेष सापडले. त्याच दशकात लंडनचा कारागीर ऑगस्टस सीबे याने हेल्मेट आणि अंगभर बंद पोशाख एकमेकांना जोडून पुढे शतकभर टिकलेला साचा तयार केला. १७८२ मध्ये बुडालेल्या ‘रॉयल जॉर्ज’ या जहाजाचे अवशेष १८३९ ते १८४३ दरम्यान पाणबुड्यांनी हलवले आणि तेव्हापासून या पोशाखाची जगभर मागणी सुरू झाली. ग्रीसचे स्पंज गोळा करणारे, ऑस्ट्रेलियाच्या ब्रूम बंदरातले शिंपले काढणारे जपानी पाणबुडे, पुलांचे पाये घालणारे कंत्राटदार, नौदले. मुंबईत ससून डॉक (१८७५), प्रिन्सेस डॉक (१८८०), व्हिक्टोरिया डॉक (१८८८) अशा गोद्या उभ्या राहिल्या तो काळ याच हेल्मेटचा. गोदीचे दरवाजे, जहाजांचे तळ, अडकलेले साखळदंड पाहायला अशा बंदरांत तेव्हा दुसरा उपाय नव्हता.

पंप चालू असूनही पाणबुडे का गुदमरत?

या प्रश्नानेच हाल्डेन पंपापर्यंत पोहोचले. ब्रिटिश नौदलाची तक्रार अशी होती की, खोलवर गेलेले तगडे पाणबुडे थोड्या कामाने धापा टाकतात, काही बेशुद्ध पडतात. वर तर माणसे चाक फिरवतच आहेत. मग खाली काय बिघडते?

हाल्डेन यांनी दोन गोष्टी दाखवल्या. पहिली अगदी साधी : पंप गळत होते. दाब कमी असताना ठीक वाटणारा पंप दाब वाढला की वॉशरच्या कडेने हवा सोडून देई. चाकाचे फेरे मोजले तर हवा भरपूर, प्रत्यक्षात खाली पोहोचते त्याच्या कितीतरी कमी. दुसरी गोष्ट उच्छ्वासातील कार्बन डायऑक्साइडची. कष्ट करणारा माणूस मिनिटाला सव्वा लिटरच्या आसपास हा वायू सोडतो. पृष्ठभागाजवळ ४२ लिटरच्या प्रवाहात त्याचे प्रमाण तीन टक्के होते. त्रास होतो, पण निभावते. आता चाकाचा वेग तोच ठेवून पाणबुडा २० मीटरवर गेला. टक्के तेच, तीन. पण दाब तिप्पट असल्याने शरीरावर परिणाम नऊ टक्क्यांसारखा होतो आणि नऊ टक्क्यांत माणूस धापा टाकून, भ्रमिष्ट होऊन कोसळतो. प्राणवायू पुरेसा असतानाही.

म्हणून उपाय असा ठरला : डुबकीपूर्वी प्रत्येक पंपाची दाबाखाली गळती मोजायची आणि खोलीच्या प्रमाणात फेरे वाढवायचे. वर येताना टप्प्याटप्प्याने थांबायचे वेळापत्रकही याच कामातून निघाले आणि हाल्डेन यांचे नाव पुढे त्यासाठीच जास्त गाजले. पाणबुड्यांचे सांधे धरणे, पाय लुळे पडणे या दुखण्यांवर ते उत्तर होते. पण गुदमरण्यावरचे उत्तर वॉशरमध्ये होते, हे सहसा सांगितले जात नाही.

ईस्ट हॅम आणि नेतिवली

पंपांकडे वळण्याआधी हाल्डेन खाणी, बोगदे आणि गटारांतील हवेचा अभ्यास करत होते. १ जुलै १८९५ रोजी लंडनजवळच्या ईस्ट हॅम येथील सांडपाणी उपसा केंद्रात एक कामगार खाली उतरला आणि कोसळला. त्याला काढायला एकामागोमाग चौघे उतरले. पाचही जण मेले. लंडनच्या पोस्टमन्स पार्क या बागेत, इतरांसाठी प्राण देणाऱ्यांच्या स्मारकावर, त्या चौघांच्या नावाची फरशी आजही आहे. या मृत्यूंची चौकशी हाल्डेन यांनी केली आणि हायड्रोजन सल्फाइडकडे बोट दाखवले.

कल्याणच्या विहिरीशी साम्य आकड्यापुरते नाही, क्रमाचे आहे. पहिला पडतो तो कामामुळे, पुढचे पडतात ते मदतीला धावल्यामुळे. यामागे त्या वायूचा स्वभाव आहे. हायड्रोजन सल्फाइड थोडा असताना कुजक्या अंड्यासारखा वास येतो. तो बराच वाढला की वास ओळखण्याची शक्तीच बधिर होते आणि वरून डोकावणाऱ्याला वाटते, आता वास नाही, म्हणजे धोका नाही. फार तीव्र असेल तर दोन-चार श्वासांत माणूस खाली पडतो. तो हवेपेक्षा जड आहे, कार्बन डायऑक्साइड त्याहून जड. दोन्ही विहिरीच्या, टाकीच्या तळाशी बसून राहतात. गाळ ढवळला की त्यात अडकलेला वायू एकदम सुटतो, म्हणून उतरताना बरी असलेली हवा काम सुरू झाल्यावर बिघडू शकते. वालधुनीसारखे रसायनांनी भरलेले नाले आणि जुन्या विहिरी शेजारी शेजारी असलेल्या भागात हे आणखी बेभरवशाचे.

विहिरीत कंदील सोडून पाहायची जुनी रीत याच भीतीतून आली. ज्योत विझली तर खाली प्राणवायू कमी, हे बरोबर. पण हायड्रोजन सल्फाइड माणसाला मारण्याइतका असला तरी ज्योत जळतच राहू शकते आणि खाली मिथेन असेल तर ज्योतच स्फोटाचे कारण ठरते. चार वायू मोजणारे छोटे मीटर आता मिळतात. कंदिलाची जागा त्यांनी घ्यायला हवी होती.

ठाण्याच्या खाडीत हा पंप का दिसला नाही?

कल्याण, डोंबिवली, मुंब्रा इथल्या ‘रेतीबंदर’ या नावांत पाण्याखालच्या श्रमाचा इतिहास आहे. खाडीतली रेती वर्षानुवर्षे माणसांनी बुडी मारून काढली. वाळूच्या सरकारी कागदपत्रांत या पद्धतीचे नाव आजही ‘हातपाटी-डुबी’ असेच येते. तळाशी रोवलेल्या बांबूला धरून माणूस एका श्वासावर खाली जातो, गढूळ अंधारात बादली भरतो, वरचे सोबती ती ओढून घेतात. पुन्हा श्वास, पुन्हा बुडी. कानाच्या पडद्यावर दर खेपेला पाण्याचा दाब येतो तो वेगळाच.

हेल्मेट आणि पंप इथे न येण्याचे कारण वरच्या हिशेबातच दडलेले आहे. दहा मीटरवर एक माणूस ठेवायला होडीत चाकावरचे दोन, बदलीचे दोन आणि दोरावरचा एक, असे पाच जण रोजावर लागतील. मोती, बुडालेले जहाज किंवा गोदीचा दरवाजा हा खर्च उचलू शकतो. बादलीभर रेती उचलू शकत नाही. डुबी मारणाऱ्याची छातीच तिथे पंपाचे काम करते आणि तिला मजुरी एकाच माणसाची द्यावी लागते. पुढे यंत्र आले तेही रेती ओढणारे. सक्शन पंपाने खाडीचा तळच खरवडला जाऊ लागल्यावर त्यावर बंदी आली आणि परवानगीच्या कागदावर पुन्हा माणसाची बुडीच उरली.

आज हे पंप कुठे आहेत?

विसाव्या शतकात मोटरवरचे कॉम्प्रेसर आले आणि चाकावरची माणसे गेली. १९४३ मध्ये कुस्तो आणि गान्यां यांनी पाठीवरच्या नळकांड्यातून गरजेपुरतीच हवा देणारे यंत्र बनवले, त्यातून आजचे स्कूबा आले. तारकर्लीला पर्यटक पाण्यात उतरतात ते त्याच्या आधारावर. बंदरांत आणि समुद्रातील तेलविहिरींवर काम करणाऱ्या पाणबुड्यांना हवा मात्र अजूनही वरूनच, नळीने जाते. तत्त्व तेच राहिले, मनगटाच्या जागी इंजिन आले. ब्रिटनमधील हिस्टॉरिकल डायव्हिंग सोसायटीसारख्या संस्थांचे सदस्य जुने हातपंप दुरुस्त करून आजही हौसेने त्यावर डुबक्या मारतात. मुंबईच्या चोर बाजारात आणि ऑनलाइन दुकानांत पितळी-तांब्याची चकचकीत हेल्मेटे दिसतात ती बहुतेक शोभेची. रुरकीसारख्या ठिकाणी अशा वस्तूंचा मोठा व्यवसाय आहे. दिवाणखान्यात ती छान दिसतात, पाण्यात नेण्यासाठी ती बनवलेलीच नसतात.

हाताने हवा पुरवण्याची कल्पना मात्र भारतीय कायद्यात जिवंत आहे. हाताने मैला साफ करण्यास बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्याखालील नियमांत, गटारात किंवा टाकीत माणूस उतरवण्याची अपवादात्मक वेळ आलीच तर कोणती साधने द्यावीत याची लांबलचक यादी आहे. वायू मोजणारा मीटर, सुरक्षा दोर, तिपाई यांच्याबरोबर तिथे एक नोंद अशी : हाताने चालणाऱ्या भात्याला जोडलेले श्वसनयंत्र. म्हणजे तोंडावर घट्ट बसणारा मुखवटा, लांब नळी आणि बाहेर हात फिरवणारा सोबती. चार्ल्स डीनचे १८२३ चे यंत्र, बहुतांशी.

खोल पाण्यात निकामी ठरलेला हा भाता कोरड्या विहिरीत का चालतो, हे आता सहज कळेल. विहिरीच्या तळाशी हवेचा दाब वरच्याइतकाच असतो. तिथे हवा दाबायची नसते, फक्त पोहोचवायची असते आणि त्याला एका माणसाचा हात पुरतो. पण त्याच विहिरीत गळ्यापर्यंत पाणी किंवा गाळ असेल तर छातीवर भार येतो, मुखवटा सुटू शकतो आणि भात्याचा क्षीण दाब कामाचा राहत नाही. तिथे आधी उपसा, मग माणूस, हा क्रम बदलता येत नाही.

भात्याच्या आणखी तीन अटी आहेत. त्याचे हवा ओढणारे तोंड स्वच्छ हवेत हवे. शेजारी उपशाचा डिझेल पंप धूर ओकत असेल तर तोच धूर नळीवाटे खाली जातो. फिरवणाऱ्याला जागा सोडता येत नाही, म्हणून दोर धरायला दुसरा माणूस लागतोच. आणि नाकातोंडावर बांधलेला रुमाल किंवा करोनाकाळातला मास्क याची बरोबरी करू शकत नाही : ते धूळ अडवतात, वायू अडवत नाहीत आणि नसलेला प्राणवायू आणून देत नाहीत. अग्निशमन दलाकडील पाठीवरच्या सिलिंडरची हवा जड कामात अर्धा-पाऊण तास पुरते, पण अरुंद टाकीच्या तोंडातून ते ओझे घेऊन उतरणे अनेकदा जमत नाही. तिथे नळीच सोयीची.

गटारात मृत्यू झाला तर कुटुंबाला दहा लाख रुपये द्यावेत, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २७ मार्च २०१४ रोजी दिला. २० ऑक्टोबर २०२३ च्या निकालात ही रक्कम तीस लाख करण्यात आली. गृहनिर्माण संस्थेने टाकी साफ करायला खासगी माणूस बोलावला म्हणून हा कायदा लागू होत नाही, असे नाही. नियमातील यादी त्यालाही लागू आहे. मलटाकी यंत्राने उपसून घेण्यासाठी १४४२० हा राष्ट्रीय मदत क्रमांक आहे. आणि टाकीत किंवा विहिरीत उतरलेला माणूस हाक दिल्यावर उत्तर देत नसेल, तर त्याच्या कमरेला दोर असल्यास वरूनच ओढायचे, नसल्यास १०१ क्रमांकावर कळवून ब्लोअरने आत ताजी हवा सोडायची आणि तोवर कोणालाही खाली उतरू द्यायचे नाही.